राजगिधाड उतरत नाही

"तुझ्या लोकांना सांग," वामनराव प्राध्यापक बेडकाच्या ट्रेवरून मान वर न करता म्हणाले, आणि माझ्या हातातली फॉर्मॅलिनची बरणी टेबलावर जरा जोरात बसली. फुटली नाही. फुटली असती तर बरं झालं असतं, काहीतरी बोलायला झालं असतं. "रविवारी मुंबईहून पक्ष्यांचे ते पाहुणे येताहेत. राजगिधाडांची मोजणी चालू आहे त्यांची. जागा तुझ्या गावची चांगली, तूच सांगतोस नेहमी. एखादं मेलेलं ढोर ओढून टाकायचं, सोलायचं, म्हणजे पक्षी उतरतील. ते तेवढं तुझ्या लोकांना सांग." समोरच्या बाकावरच्या दोघा पोरांचे चिमटे थांबले. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मी बरणीचं झाकण फिरवत राहिलो, ते लागलेलंच होतं तरी. "सर, ते काम आम्ही सोडलं." "सोडलं म्हणजे? अरे, एका दिवसाचा प्रश्न आहे." "सोडलं म्हणजे सोडलं, सर." तेव्हा त्यांनी मान वर केली. रागावले नाहीत. ते रागावत नाहीत, हाच त्यांचा वाईट गुण. हसून म्हणाले, "धर्माच्या आड कोण येतंय बाबा तुझ्या? हे शास्त्रासाठी आहे. बरं, राहू दे. मी तुमच्या गावच्या पंजाबरावांना चिठ्ठी टाकतो. तू ये मात्र. आणि ती वही आण. पाहुण्यांना दाखवू."

वही. हा माणूस नेमका कुठं हात घालायचा ते जाणतो. यवतमाळच्या या कॉलेजात मी सात वर्षांपासून प्रयोगशाळेत शिपाई आहे. बेडूक आणतो, झुरळं पकडतो, काचा धुतो. सातवीपर्यंत शिकलो. कपाटातलं पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, चित्रांवरून आधी, मग अक्षरांवरून. पाच वर्षं दर रविवारी सायकल काढली. कधी लोहाऱ्याचं माळरान, कधी राळेगावच्या वाटेवरचे नाले, पळसाची जंगलं. एकशे त्रेसष्ट पक्षी त्या वहीत आहेत. नुसती नावं नाहीत. कुठं बसतो, काय खातो, कोणाला भितो, सगळं. एकदा वामनरावांनी तळ्यावरच्या एका घारीला गरुड म्हटलं, तेव्हा मी म्हटलं होतं, सर, शेपटी पाहा, दुभागली आहे. त्यांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून वही 'जरा पाहायला' नेऊ लागले. मागच्या वर्षी अमरावतीला त्यांनी जिल्ह्यातल्या पक्ष्यांवर निबंध वाचला. मी सतरंज्या उचलायला बरोबर होतो. मागच्या रांगेत उभा राहून माझीच वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकत होतो. चांगली वाटत होती. माझं नाव घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मला ती वही नावासकट कोणीतरी वाचायला हवी होती. ज्याला पक्षी कळतो अशा एका माणसानं. एवढंच पाहिजे होतं आणि ते एवढंच नव्हतं.

सायकल पाटीपुऱ्याकडे वळवली तरी तुझ्या-लोकांना-सांग हे चाकाच्या आऱ्यांत अडकलेल्या काडीसारखं वाजत होतं. घरी सत्यशीला भाकरी थापत होती. तिला सांगितलं तर तिनं तव्यावरची नजर काढली नाही. "जा ना मंग. ते तुमाले पाखरं दाखोतीन, तुमी त्याईले ढोर दाखवा." "मी नाही म्हनलो ना त्याईले." "नाही म्हनले अन् जाऊन बी राह्यले. वा रे वा. अर्धा माणूस नाही म्हनते, अर्धा सायकलीत हवा भरते." मी पिशवी खुंटीला अडकवली. ती पुढं म्हणाली, "त्या वहीत काय सोनं हाय कोन जाणे. माह्यासाठी तं एवढी जागरनं नाही केली कधी." बायको खरं बोलली की राग दुप्पट येतो. मी वही काढून गिधाडांचं पान उघडलं. त्या पानावर माझी सगळ्यात लाडकी ओळ होती, कोणत्याच पुस्तकात नसलेली: 'मेलेल्या जनावराचं कातडं काढल्याशिवाय राजगिधाड उतरत नाही.' ही ओळ मी वाचली नव्हती. तिचा वास मला ठाऊक होता.

गावाच्या पूर्वेला, नाल्यापलीकडे, बाभळीच्या रांगेखाली हाडकी होती, मेलेली ढोरं ओढून टाकायची जागा. गावातलं ढोर मेलं की पाटलाचा निरोप येई आणि माझा बाप, डोमाजी, खांद्यावर दोर टाकून निघे. दोराला बापाच्या खांद्याचा आकार आला होता, की खांद्याला दोराचा, ते मला लहानपणी समजत नसे. मागून माय टोपली घेऊन, तिच्या मागून मी. बाप पोटावर उभी चीर देई आणि कातडं असं सोडवी की कोट काढावा. तोवर कावळे आलेले असत. मग लांब मानेची गिधाडं, बाभळीवर, जमिनीवर, पाच, पंधरा, चाळीस. त्यांना आम्ही सोयरे म्हणत असू, कारण जेवणाशिवाय येत नसत. पांढरी, हळदी तोंडाची लहान गिधाडं सगळ्यांचं झाल्यावर अंग चोरून, तिरपी तिरपी चालत येत. त्यांचं नाव बामनीण. आणि सगळ्यांत वेगळ्या झाडावर, एकटा, काळा कुळकुळीत, लाल डोक्याचा, मांड्यांवर पांढरे ठिपके असलेला तो. तो उतरला की बाकीचे मागं सरत. त्याचं नाव पाटील. पुस्तकात त्याला राजा म्हटलंय. राजा कोणी पाहिला होता? आम्ही पाटील पाहिला होता. माय वाट्याचं मांस टोपलीत भरी, बाप कातड्याची घडी डोक्यावर घेई, आम्ही नाल्यापर्यंत येऊ, मी मागं वळून पाही. आणि तेव्हा तो काळा झाडावरून सुटे. पंखांचा आवाज असा, जसं कोणी जुनं धोतर टराटरा फाडतंय. मला वाटे, बाप त्यांच्यासाठीच सोलतो. बापानं ताट वाढल्याशिवाय पाटीलसुद्धा जेवत नाही. गावात आमच्या सावलीला कोणी उभं राहत नसे, पण त्या आकाशातल्या पाटलाला माझ्या बापाच्या हातची वाट पाहावी लागे. पोराला एवढंसं पुरतं. त्या नरकात बसून मी एवढं एक सुख गोळा केलं होतं आणि पुढं तेच शास्त्र म्हणून वहीत लिहिलं होतं.

मग छप्पन्न साल. आम्ही ट्रकनं नागपूरला गेलतो. दीक्षा घेऊन आल्यावर बापानं दोर नाल्यात टाकला. टाकून खांदा चोळला. पंधरा दिवसांनी पंजाबराव पाटलाचा बैल मेला. निरोप आला. बाप गेला नाही. बैल तीन दिवस गोठ्यात फुगत राहिला, अख्ख्या गावाच्या नाकात गेला. आमची विहीर बंद, निंदणं बंद, कापूस वेचणं बंद, दुकान बंद. चौथ्या दिवशी पाटलाच्या गड्यांनी तो बैल खड्ड्यात पुरला, मीठ टाकून. तेव्हापासून गावात ढोरं पुरतात. आणि गिधाडं गेली. आधी सोयरे कमी झाले, मग एक दिवस बाभळीची रांग नुसतीच बाभळीची रांग झाली. लोक म्हणू लागले, या धर्मवाल्यांनी पाखरंसुद्धा उपाशी मारली. मी त्यांना शिव्या दिल्या. पण रात्री अंथरुणावर मला ती रिकामी झाडं दिसत. माझ्या माणसांची मान ताठ झाली आणि माझी पाखरं गेली, या दोन्ही गोष्टी मला एकाच छातीत ठेवता येत नव्हत्या. हे कोणाला सांगणार? बापाला सांगू, की तू दोर टाकलास त्याचा मला आनंद आहे, पण थोडंसं दुःखही आहे? थोबाडीत मारली असती त्यानं. मारायलाच पाहिजे होती.

रविवारी गेलो. वही पिशवीत, नवा शर्ट अंगात. सत्यशीला दारात आली नाही. वामनरावांची जीप सकाळीच गावात पोचली होती. पाहुणे साठीतले, खाकी हाफ पँट, गळ्यात दुर्बीण, बोलणं मवाळ. जुन्या हाडकीवर, ऐन मध्यभागी, पंजाबराव पाटलाची म्हैस पडली होती. शुक्रवारी मेलेली, पोट नगाऱ्यासारखं, न सोललेली. शनिवारपासून कुत्रे हाकलायला पाटलानं आपला सालदार भावसिंग तिथं बसवला होता. तो काठी टेकून, मुंडाशाचं टोक नाकावर धरून डोळे मिटत होता. आम्ही पन्नास पावलांवर तुरीच्या काठी कापड बांधून त्यामागं बसलो. आणि मी वर पाहिलं. बाभळीवर नऊ सोयरे. पाच वर्षांनी. आणि पलीकडच्या साजडाच्या वाळलेल्या झाडावर, एकटा, लाल डोकं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली, कारण त्या झाडाखाली पंजाबराव उभा होता.

आठचे दहा झाले, दहाचे अकरा. एक पाखरू हललं नाही. पाहुणे कुजबुजले, "उतरत का नाहीत?" वामनरावांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडून ती ओळ पाहुण्यांपुढं धरली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली. "हे कुठं वाचलं तुम्ही?" तुम्ही म्हणाले. "वाचलं नाही, साहेब. पाहिलं. याच जागेवर." "किती वेळा?" "मोजलं नाही. लहानपण इथंच गेलं." त्यांनी वामनरावांकडं नाही, माझ्याकडं पाहिलं आणि पानं उलटू लागले. अर्धा तास उलटत होते. त्या अर्ध्या तासात मी गिधाडांकडं पाहिलंच नाही. मी त्या पिकल्या भुवयांकडं पाहत होतो. कुठल्या पानावर त्या वर जातात, कुठं अंगठा थांबतो. माझ्या पाच वर्षांवरून तो अंगठा सावकाश फिरत होता.

पंजाबराव कापडामागं आला. "साहेब, गोष्ट सोपी हाय. ढोर सोललं पाह्यजे. ह्या उकंड्याच्या बापानं ह्याच जागी शंभर सोलले. काय रे उकंड्या, चाकू हाय माह्यापाशी. अर्ध्या घंट्याचं काम. का शर्ट खराब होते?" त्यानं खरंच सुरी पुढं केली, मूठ माझ्याकडं करून. भावसिंगनं डोळे उघडले. वामनराव म्हणाले, "उकंडा, पाहुण्यांची गाडी आहे रे दुपारी," अगदी हळू, जसं कोणी पाणी मागावं. वही अजून पाहुण्यांच्या मांडीवर होती. माझा हात हलला. खोटं का बोलू? बोटं पुढं गेली होती. पोटावर उभी चीर कशी द्यायची हे माझ्या बोटांना बापाकडून ठाऊक होतं. मग मी म्हणालो, "पाटील, म्हैस तुमची, सुरी तुमची. तुमीच सोला. नाही तं सर सोलतीन, त्याईले बेडकाची सवय हाय." भावसिंग फस्सकन हसला आणि खोकल्यात हसू लपवलं. पंजाबरावाचं तोंड राजगिधाडाच्या डोक्यासारखं झालं. "लय माजले बे तुमी." "हो," मी म्हटलं, "जरा उशीरच झाला." पाहुण्यांनी हात वर केला. "नको, नको. कोणी काही कापू नका. हे निरीक्षणच महत्त्वाचं आहे. न सोललेलं जनावर, पक्षी हजर, उतरत नाहीत. ही नोंद मी पत्रिकेत देतो. तुमच्या नावानं. पूर्ण नाव सांगा." मी सांगितलं, उकंडा डोमाजी मुनेश्वर. त्यांनी लिहून घेतलं. "उकंडा म्हणजे?" "उकिरडा. आधीची भावंडं जगली नाहीत. मला उकिरड्यावर ठेवून उचललं, म्हणजे मरण नजर लावणार नाही." ते म्हणाले, "छान," आणि गडबडले, की छान काय म्हणालो. मला ते आवडले. वही परत देताना दोन्ही हातांनी दिली.

दीडला जीप धामणगावच्या रस्त्याला लागली. पंजाबरावानं भावसिंगला हाक मारली आणि म्हैस तिथंच टाकून दोघं गेले. संध्याकाळी पुरू म्हणाले. मी राहिलो. का राहिलो? कोणी नसताना त्या जागेवर माझं छापील होणारं नाव मला दोन-चार वेळा म्हणून पाहायचं होतं. कापड त्यांनी नेलं होतं, म्हणून तुरीत आडवा झालो. शेंगा वाजत होत्या, अंगाखाली ढेकळं टोचत होती. डोळा लागत होता इतक्यात वर ते जुनं धोतर टराटरा फाटलं. मी मान उचलली. तो म्हशीच्या पाठीमागं उतरला होता. लाल डोकं इकडं-तिकडं केलं, लंगडत चार पावलं चालला, मागच्या मांडीत चोच घातली, पाय रोवले, आणि मागं ओढलं. कातडं ताणलं, ताणलं, आणि उसवलं. पुन्हा. तिसऱ्यांदा त्याची अख्खी मान आत गेली. मग सोयरे धपाधप आले. अर्ध्या तासात ती म्हैस उघडी होती. कोणी चीर दिली नाही, कोणी ताट वाढलं नाही. मी ओरडलो, "अबे!" त्याला ओरडलो, की मला, की कोणाला. सगळी उडाली. मी उभा होतो. पाच वर्षांतली माझी एकमेव छापील होणारी ओळ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

बाप घरापुढं खाटेवर दोरी विणत बसला होता, बाजेची. मी उभ्याउभ्याच विचारलं, "बुवा, न सोललेलं ढोर राजगिधाड फाडते का?" "कोनतं?" "पाटील." "फाडते ना. त्याची चोच पाह्यली का तू? सुरी हाय ते." "मंग तुम्ही असताना कधीच काहून नाही उतरला तो?" बाप माझ्याकडं असा पाहू लागला की पोरगं तापानं फणफणलंय. "मानूस हाय तवर कसा उतरीन तो? लय भेकड जात. आपन हटलो का उतरे." "मंग सोलत कायले होते?" "कातडं पाटलाले नेऊन द्या लागे लेका! पाखराईसाठी कोन सोलते?" तो हसायला लागला, दात नसलेलं, लांब हसू. "अवं मैनाबाई! आयकलं का? ह्याले वाटे मी गिधाडाईची पंगत वाढत होतो!" माय आतून हसली. मग बाप एकदम थांबला. "तू हे लिवलं का कुठं?" मी मान हलवली. "छापाले देल्लं?" मी पुन्हा हलवली. तो दोरीची गाठ दातात धरून पुटपुटला, "वामनराव म्हने हुशार हाय तू."

परत येताना सायकल मारत नव्हतो, लाथा घालत होतो. एक रुखरुख मात्र कुठंतरी गळून पडली होती, हे राळेगाव मागं पडल्यावर ध्यानात आलं. पाखरं आमच्या मान ताठ केल्यानं गेली नव्हती. पाटलानं हट्टानं प्रत्येक ढोर मिठात पुरलं, म्हणून गेली. उघडं टाकलं असतं तर ती आपली आपण जेवली असती. पाच वर्षं मी बापाच्या खांद्यावर नसलेला दोर माझ्या खांद्यावर वागवत होतो. पण हे सुख नव्हतं. सुख असतं तर चढावर माझ्या डोळ्यांत पाणी का आलं? त्या नरकात माझं एक छोटंसं मोठेपण होतं, की वरचा पाटील तरी आमच्या हातची वाट पाहतो. तो वाट पाहत होता, आम्ही जायची.

सोमवारी वामनरावांना पाहुण्यांचा पत्ता मागितला. कारण सांगितलं. ते खुर्चीत मागं रेलले. "वेडा आहेस का? कोण तपासायला जातंय? तुझं नाव छापून येतंय रे, नाव! आमची हयात गेली त्यासाठी." "चूक आहे, सर." "पुढं कधीतरी दुरुस्ती देता येईल. आता त्यांनी माझ्या शब्दावर तुला मान दिला. उद्या म्हणतील, वामनरावांचा शिपाई, ह्यांना काय कळतं." ह्यांना म्हणजे कोणाला, ते त्यांनी उघडून सांगितलं नाही. ते कधीच उघडून सांगत नाहीत. "तुझ्याच लोकांचं भलं बघ जरा," ते म्हणाले. मी म्हणालो, "त्यांचंच बघून राह्यलो, सर," आणि पत्ता टेबलावरच्या पाकिटावरून उतरवून घेतला. त्यांनी पाकीट झाकलं नाही, एवढं मात्र खरं. डब्याच्या सुट्टीत पोस्टात गेलो. काउंटरच्या शाईच्या टाकानं, मागं रांग खोळंबलेली असताना, कार्डावर लिहिलं:

'माझ्या वहीतली ती ओळ चूक आहे. कातडं काढलेलं नसलं तरी राजगिधाड उतरतं आणि मागच्या मांडीपासून स्वतः फाडतं. रविवारी आपण गेल्यावर मी पाहिलं. फक्त माणूस हटायला पाहिजे. जुनी ओळ काढून ही छापा. खाली नाव तेच ठेवा.'